पहिलवानाचे बळ आणि गोल्फचा टोला

ज्या मनुष्याला २०० किलो वजन जमिनीवरून उचलता येते, त्याने ४५ ग्रॅमचा चेंडू मारला तर तो इतर सर्वांच्या चेंडूपेक्षा दूर गेलाच पाहिजे, असे आपणांस साहजिकच वाटते. कारण बळ ते बळ, मग ते बारबेलवर खर्ची पडो की गोल्फच्या स्टिकवर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत निम्मी खरी आहे, आणि निम्मी खरी असल्यामुळेच ती पूर्ण खोट्या समजुतीपेक्षा अधिक नुकसान करते. बळावाचून लांब टोला नाही, हे निर्विवाद आहे; परंतु वजन उचलण्यासाठी कमावलेले बळ टोल्याच्या कामी यावे, यासाठी त्याची निराळी तजवीज करावी लागते, आणि ती तजवीज कोणती हे सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहिले आहे.

धाराशिव जिल्ह्यातील कळंबच्या वाचकाचा गोल्फशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. मांजरेच्या काठी वसलेला हा कसबा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. ज्या मुलखात सभा भरविण्यावर गश्ती क्रमांक ५३ या सरकारी परिपत्रकाचा निर्बंध होता, त्या मुलखात आखाडा चालविणे हीदेखील सरकारच्या नजरेतली बाब होती, आणि तरीही या भागातल्या तालमींत हौदाची माती उकरली जात राहिली, जोर-बैठका घुमत राहिल्या. आता त्या तालमींच्या जोडीला तालुक्याच्या गावांत लोखंडी प्लेटांच्या जिम आल्या आहेत आणि तिथे जाणाऱ्या तरुणांच्या तोंडी स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट हे शब्द रुळले आहेत. गोल्फचे मैदान पाहायचे तर मात्र इथल्या माणसाला पुण्यासारख्या शहराची वाट धरावी लागते. त्या पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे गोल्फ खेळला. आणि हा खेळ केवळ धनिकांच्या घरात जन्मतो असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीच्या गोल्फ क्लबात इतरांच्या स्टिक्स वाहणारे कॅडी होते. शिवाय येथे जो हिशेब मांडावयाचा आहे तो एकट्या गोल्फचा नव्हे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो ज्या खो-खोसाठी, त्या खेळातही पाटीवरून उठून पहिले पाऊल टाकण्याचा क्षण इतका अल्प असतो की, तेथे किती बळ आहे यापेक्षा ते किती लवकर प्रकट होते हेच निर्णायक ठरते.

प्रथम वजन उचलण्याचा खेळ पाहू. पॉवरलिफ्टिंग हा खेळ स्वरूपाने अत्यंत सरळ आहे. खांद्यांवर भार घेऊन मांड्या गुडघ्यांच्या खाली जाईपर्यंत बसणे व उठणे (स्क्वॉट), बाकावर उताणे पडून भार छातीवरून वर रेटणे (बेंच प्रेस), आणि जमिनीवरचा भार मांडीपर्यंत उचलून ताठ उभे राहणे (डेडलिफ्ट), अशा या तीन कसोट्या. प्रत्येकीत तीन संधी, आणि तिन्हींतील सर्वाधिक वजनांची बेरीज करून निकाल. वजन किती वेळात उचलले याची कोणी नोंद घेत नाही. पाच सेकंद थरथरत वर नेलेला भार आणि एका सेकंदात वर गेलेला भार निकालाच्या कागदावर सारखाच मांडला जातो. म्हणून या खेळाच्या कार्यक्रमात सारी रचना एकाच उद्दिष्टाकडे वळविलेली असते: आठवड्यामागून आठवडा वजनाचे प्रमाण वाढवीत, आवर्तने कमी करीत, शेवटी एका ठरावीक दिवशी एकाच उचलीत सर्वस्व ओतणे.

गोल्फच्या टोल्याची रीत याच्या अगदी उलट आहे. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू स्टिक मागे नेतो तेव्हा त्याची पाठ लक्ष्याकडे वळलेली असते, डावा खांदा हनुवटीखाली आलेला असतो आणि शरीराचा बराचसा भार उजव्या पायावर पडलेला असतो. हात अजून वर जातच असतात तोच डाव्या पावलाने जमीन दाबली जाते, कंबर लक्ष्याकडे फिरू लागते, तिच्यामागून छाती, छातीमागून हात, आणि सर्वांत शेवटी मनगटे उलगडतात. वरून चेंडूपर्यंत स्टिक येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. चेंडूचा व स्टिकच्या मुखाचा प्रत्यक्ष स्पर्श तर एका सेकंदाचा दोन हजारावा भागच टिकतो. एवढ्या अवधीत व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे, म्हणजे लांब टोल्याच्या स्टिकचे, सुमारे २०० ग्रॅमचे मस्तक ताशी १८० किलोमीटरांहून अधिक वेग घेते आणि चेंडू ताशी २७० किलोमीटरांच्या आसपास वेगाने सुटतो.

आता अडचण कोठे येते ती पाहावी. मनुष्याच्या स्नायूंना आपले संपूर्ण बळ प्रकट करण्यास पाव सेकंदाहून अधिक अवधी लागतो. म्हणजे ज्या बळासाठी पहिलवानाने वर्षे घालविली, त्यातला कितीतरी भाग टोला होऊन गेल्यानंतर उपलब्ध होणार! आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून भार आणि वेग यांचा संबंध मांडला, तोही येथे लागू पडतो: भार जितका मोठा तितका स्नायू मंदगतीने आकुंचन पावतो, आणि वेग जितका जास्त तितके त्याला लावता येणारे बळ कमी. केवळ जड वजने उचलणारा मनुष्य या संबंधाचे एक टोक भक्कम करीत असतो. गोल्फचा टोला बहुतांशी दुसऱ्या टोकाला असतो. तथापि त्यावरून वजने निरुपयोगी ठरत नाहीत. थांबलेल्या शरीराला आणि स्टिकला प्रथम गती द्यावयाची असते ती पायांच्या व कमरेच्या बळावरच, आणि ज्याच्या एकूण बळाचा साठा मोठा आहे, त्याच्या पाव सेकंदात हाती येणाऱ्या वाट्याचा आकारही मोठा होण्याचा संभव असतो. तो वाटा वाढविणे, हेच खरे काम.

आपल्याकडच्या ज्वारीच्या रानात ज्याने गोफण चालताना पाहिली आहे, त्याला ही गोष्ट आकृतीवाचून समजेल. माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार अंगाने किरकोळ असतो. परंतु गोफण डोक्याभोवती फिरवून, टाच रोवून, कमरेला हिसडा देऊन तो योग्य क्षणी दोरीचे एक टोक सोडतो, तेव्हा दगड शेताच्या पलीकडल्या बांधापर्यंत जातो. गावातला नामांकित मल्ल त्याच दगडाला नुसत्या दंडाच्या जोरावर तेवढा लांब फेकू शकत नाही. राखणदाराजवळ क्रम असतो. पायांकडून कमरेला, कमरेकडून खांद्याला, खांद्याकडून मनगटाला गती पोचविण्याचा क्रम, आणि त्यातला प्रत्येक अवयव आपले काम करून थबकतो तेव्हा पुढच्याला ती गती मिळते. पण त्याच राखणदाराला मल्लाच्या मांड्या दिल्या, आणि क्रम मात्र तोच ठेवला, तर काय होईल?

याचे उत्तर गोल्फच्या इतिहासात सापडते. अमेरिकेतील टोलेडो गावचा फ्रँक स्ट्रॅनाहन हा वजने उचलण्याच्या स्पर्धांत भाग घेणारा गडी १९४८ आणि १९५० साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा जिंकला, आणि १९४७ व १९५३ साली ब्रिटिश ओपनमध्ये उपविजेत्यांत गणला गेला. प्रवासात तो वजने पेटीत घालून बरोबर नेई, आणि ती पेटी उचलताना हॉटेलांतील हमालांची होणारी तारांबळ त्या काळी चर्चेचा विषय झाली होती. वजनाने स्नायू आखडतात व गोल्फचा नाश होतो, असे सर्वत्र मानले जाण्याचा तो काळ. अशा वेळी स्ट्रॅनाहनने जे धैर्य दाखविले, त्याबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांनी तीच वाट धरली. उंचीने बेताच्या या खेळाडूने १९६५ पर्यंत चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि पुढे उतारवयातही व्यायाम सोडला नाही. अलीकडचे ब्रायसन डीशाँबो यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे: थोड्याच महिन्यांत सुमारे १८ किलो वजन वाढवून त्यांनी २०२० ची यू.एस. ओपन सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली. पुढे त्यातले बरेचसे वजन त्यांनी उतरविले.

या यशोगाथांबरोबर एक दुसरा दाखलाही नोंदविला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. टोकियोच्या त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळुरूच्या अदिती अशोक चौथ्या आल्या, पदक एका फटक्याने हुकले; कोविडच्या दुखण्यातून उठल्यावर अंगातले बळ घटलेले, टोला पहिल्या फळीतील बहुतेक खेळाडूंहून आखूड, स्टिक्स वाहायला स्वतःची आई, आणि असे असूनही होलभोवतीच्या हिरवळीजवळील नाजूक खेळाच्या व चेंडू होलात ढकलण्याच्या पटर या स्टिकच्या जोरावर त्या जगातल्या नामवंत खेळाडूंबरोबर शेवटच्या होलपर्यंत झुंजल्या. बळाने टोल्याची लांबी वाढते. अठरा होलांचा हिशेब पुरा होण्यास त्याहून पुष्कळ काही लागते. म्हणून व्यायामाच्या कार्यक्रमाने खेळाच्या सरावाचा वेळ आणि ताजेपणा खाऊ नये, ही पहिली अट.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे वळू. पॉवरलिफ्टिंगमधील तीन कसोट्यांपैकी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट या दोहोंना गोल्फपटूने ठेवावे, कारण मांड्या, नितंब आणि पाठीचा कणा सावरणारे स्नायू यांचे बळ त्यांच्याइतके सरळ दुसऱ्या कशाने येत नाही. परंतु एका उचलीचा उच्चांक गाठण्याचा नाद सोडून द्यावा. ज्याला १२० किलो घेऊन एकदा बसता-उठता येते, त्याने ९५ किलोंवर चार किंवा पाच आवर्तनांचे तीन-चार सेट करावेत, दोन सेटांमध्ये दोन-तीन मिनिटे पुरती विश्रांती घ्यावी, आणि अंगात आणखी एक-दोन आवर्तनांची ताकद शिल्लक असतानाच थांबावे. वर येताना भार जितक्या त्वरेने नेता येईल तितक्या त्वरेने न्यावा. वजन जड असल्यामुळे तो सावकाशच जाईल, पण वेगाने नेण्याचा हा संकल्पच मज्जातंतूंना शिकवण देतो. आठवड्यातून दोन दिवस एवढे पुरे. पॉवरलिफ्टर चार दिवस करतो म्हणून गोल्फपटूने चार दिवस करणे ही नक्कल होईल.

डेडलिफ्टच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. गोल्फच्या प्रत्येक जोरकस टोल्यात कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो, आणि व्यावसायिक गोल्फपटूंच्या दुखण्यांत कमरेचे दुखणे अग्रस्थानी आहे. सकाळी सरावाचे शंभर चेंडू मारून संध्याकाळी जड डेडलिफ्ट करणारा मनुष्य त्याच मणक्यांवर दिवसातून दोनदा कर बसवितो. म्हणून षट्कोनी चौकटीची बार मिळत असेल तर ती वापरावी, तिच्यात उभे राहून उचलताना भार शरीराच्या मध्याजवळ राहतो. न मिळाल्यास बार थोडी उंचावर ठेवून तेथून उचलावी.

बेंच प्रेसला मी सर्वांत कमी जागा देईन. गोल्फच्या टोल्यात पाठ बाकाला टेकून काही रेटावयाचे नसते. तेथे पाय जमिनीवर, धड वाकलेले, आणि डावा हात छातीवरून आडवा न्यावयाचा असतो. छातीचा घेर वाढविण्याच्या ईर्ष्येत ज्याने खांद्यांची मोकळीक गमावली, त्याला ती परत मिळविण्यास फार काळ लागतो. त्याऐवजी आपले जोर आहेतच. जोर मारताना खांदा, छाती, पोट आणि कंबर एकाच ओघात वाकतात व सरळ होतात, आणि त्याच्या जोडीला एका हाताने डंबेल ओढण्याचा व्यायाम केला म्हणजे पाठीच्या वरच्या भागाचेही काम होते.

पॉवरलिफ्टिंगच्या तिन्ही कसोट्यांत दोन्ही पाय सारखे, दोन्ही हात सारखे, आणि हालचाल वर-खाली. धड वळविण्याची मुळी मनाईच. गोल्फमध्ये मात्र सारे काही वळण्यावर व एका अंगावर चालते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्यक्रमाचा तिसरा भाग जोडावा लागतो: एका पायावरच्या बैठका, उभ्याने लांब उडी, आणि तीन किलोंचा मेडिसिन बॉल कमरेच्या झटक्याने बाजूला फेकणे, दोन्ही अंगांनी पाच-पाच वेळा, प्रत्येक फेकीत पूर्ण त्वेष, आणि त्वेष ओसरू लागला की थांबणे. गावात असा चेंडू न मिळाल्यास जुन्या फुटबॉलात तेवढ्याच वजनाची वाळू भरून तो शिवून घ्यावा आणि मोकळ्या रानात फेकावा. या भागात घाम फार गळत नाही, त्यामुळे मेहनत झाली नाही असे वाटून तरुण त्याच्याकडे पाठ फिरवितात. पण बारबेलवर मिळविलेले बळ टोल्याच्या मापाचे होते ते येथेच.

आणि येथेच आपल्या तालमीचा एक जुना वारसा पुढे येतो. मुद्गल फिरविणारा मनुष्य नीट न्याहाळावा. मुद्गल खांद्यासमोर उभा धरलेला. मनगट सैल होते, टोक खांद्यावरून मागे झुकते, कोपर आकाशाकडे वळते, लाकडाचे ते ओझे पाठीमागून लोलकासारखे झोका घेत दुसऱ्या खांद्यावरून पुढे येते, आणि या सर्व काळात पावले जमिनीला खिळलेली, पोट आवळलेले, मान स्थिर. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादून आपल्या देशी कसरतींचे जे दप्तर सिद्ध केले, ते आज जिमच्या चालकांनी उघडून पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. इंग्रज अंमलदारांनी हा व्यायाम हिंदुस्थानात पाहिला व विलायतेस नेला. डोनल्ड वॉकर यांच्या १८३४ सालच्या व्यायामविषयक पुस्तकात तो आला, आणि १९०४ च्या सेंट लुइस येथील ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धा आणि गोल्फ हे दोन्ही खेळ एकाच कार्यक्रमपत्रिकेवर होते. त्यानंतर गोल्फला ऑलिंपिकमध्ये परतण्यास २०१६ उजाडले. मुद्गलामुळे टोल्याचा वेग वाढतो असा दावा मी करणार नाही, कारण तो फिरतो सावकाश. परंतु खांद्यांची मोकळीक, मनगटाची पकड आणि धड सावरण्याची शिस्त या तीन गोष्टी जड बारबेलने मिळत नाहीत त्या तो देतो, आणि बेंच प्रेसने आखडलेल्या छातीवर त्याच्याइतका स्वस्त उतारा नाही.

वर्षाची वाटणी कशी करावी, याचा धडाही तालमीतच आहे. कुस्त्यांचे फड जत्रांना भरतात आणि आपल्या भागातल्या मोठ्या जत्रा सुगीनंतरच्या. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेची. जाणता वस्ताद पोरांचा मेहनतीचा भार त्याआधी महिनोन्‌महिने चढवितो आणि फड जवळ आला की उतरवितो. गोल्फपटूने हाच क्रम धरावा. पावसाळ्यात मैदाने भिजलेली असतात, तेव्हा आठ-दहा आठवडे स्क्वॉट-डेडलिफ्टचे. पुढचे पाच-सहा आठवडे वजने हलकी करून उड्या, फेकी व वेगाचे. आणि हिवाळ्यातील स्पर्धांच्या मुदतीत आठवड्यातून एकच छोटे सत्र, कमावलेले राखण्यापुरते. अशा रीतीने दोन-तीन महिने नेमाने वागणाऱ्या खेळाडूच्या स्टिकचा वेग सामान्यतः चार-पाच टक्क्यांनी वाढतो. ताशी १५० किलोमीटर वेग असलेल्याचा तो सहा-सात किलोमीटरांनी वाढेल, आणि चेंडू आठ-नऊ मीटर पुढे पडेल. हा आकडा ऐकून ज्याची निराशा होईल, त्याने कोणत्याही मुरलेल्या गोल्फपटूला आठ मीटरांची किंमत विचारून पाहावी.

प्रगतीचे माप कशात ठेवावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. वहीत बारबेलचे किलो लिहावेत, पण त्यांच्या शेजारी दर पंधरवड्याला उभ्या उडीची उंची, फेकलेल्या चेंडूचे अंतर, आणि मैदान मिळेल तेव्हा टोल्याची लांबी हेही लिहावे. किलो चढत गेले व बाकीचे आकडे दोन महिने जागच्या जागी राहिले, तर तो कार्यक्रम पॉवरलिफ्टिंगचा आहे, गोल्फचा नव्हे, असे खुशाल समजावे आणि वजन वाढविणे थांबवून वेगाच्या भागाला अधिक दिवस द्यावेत.

कळंब आणि आसपासच्या तालमींच्या वस्तादांना व जिमच्या चालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे येणारा प्रत्येक मुलगा मल्ल किंवा पॉवरलिफ्टर होणार नाही. कोणी खो-खोत जाईल, कोणी भाला फेकील, एखादा पुण्याला जाऊन गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागेल व तेथून पुढे जाईल. त्याला कोणता खेळ खेळावयाचा आहे हे पहिल्या दिवशी विचारा, आणि मगच त्याच्या खांद्यावर वजन ठेवा.